आधी बुडवा, मग बोलवा

मला पोहता येत नाही. डोंगे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसानं ही गोष्ट सहसा कुणाला सांगू नये, आणि मी ती बरीच वर्षं सांगितलीही नव्हती. डोंगा काठावर उलटा घातलेला असतो, मी त्याच्या पोटाशी उकिडवा बसलेला असतो, आणि पाणी माझ्यापासून चांगलं वीस हात लांब असतं. काम झालं की मालक डोंगा पाण्यात ढकलतो आणि मी काठावरून हात हलवतो. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री केवढा कामाचा माणूस, एक फेरी मारायलासुद्धा थांबत नाही. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला बजावून ठेवलं आहे, की कामाविषयी लिहा, पण जन्मापासून सुरुवात करू नका. ते माझ्या सोयीचंच आहे. माझ्या दुकानावर एक पाटी आहे: 'आधी बुडवा, मग बोलवा.' रस्त्यानं जाणारे नवखे लोक ती वाचून गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि हसत निघून जातात. ती पाटी कशी लागली तेवढंच सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण ती आता अख्ख्या वस्तीला पाठ आहे, मग तुम्हालाही कळायला हरकत नाही.

मी मूळचा सुतार. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं गाव त्यात गेलं आणि आम्ही वरच्या अंगाला पुनर्वसनात आलो. नव्या वस्तीत सिमेंटची घरं आणि लोखंडी दारं, तिथं सुताराला कोण विचारणार? म्हणून काही वर्षं नागपूरला जाऊन ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. तिथं माझ्या हाती फोमचा डबा आणि सीलंटची बंदूक आली. भिंत आणि चौकट यांच्यात फट राहते. डब्याची नळी त्या फटीत घालून दाबलं की पिवळट फेस बाहेर येतो, बघता बघता फुगतो, फट भरून टाकतो आणि तासाभरात घट्ट होतो. वरून सीलंटची एक रेघ ओढली की पावसाचा थेंब आत येत नाही. मला ते काम फार आवडलं. रंधा नाही, भुसा नाही, कपड्याची इस्त्रीसुद्धा मोडत नाही.

गावी परतलो तर चहूकडे पाणी. शेती गेलेले निम्मे लोक मासेमारीला लागले होते आणि त्यांचे डोंगे गळत होते. मी म्हटलं, फट ती फट, भिंतीतली काय आणि डोंग्यातली काय. हा माझा विचार त्या वेळी मला फार हुशारीचा वाटला होता.

ज्यांनी आमच्याकडचा डोंगा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी फळ्या शेजारी शेजारी लावून, आतून आडव्या पट्ट्यांना खिळे ठोकून केलेली ती लहान होडी. दोन माणसं, जाळं आणि नशिबानं साथ दिली तर मासे, एवढं तिच्यात मावतं. दोन फळ्या जिथं भेटतात ती सांध, आणि डोंगा गळतो तो बहुतेक सांधेतूनच. आता गंमत अशी, की लाकूड पाणी पितं. भिजत घातलेला हरभरा फुगतो तशी फळी फुगते आणि सांध आपोआप मिटते. डोंगा सुकला की फळ्या आकसतात आणि सांधा पुन्हा उघडतात. म्हणून जुने लोक हंगामाच्या आधी आपला चांगला धडधाकट डोंगा बोडीत नेऊन बुडवतात. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणारं आमच्याकडचं लहान तळं. डोंग्यात दगड भरायचे, तो तळाला बसवायचा आणि आठ दिवस तिकडं ढुंकून पाहायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, 'डोंगा पाणी पिऊन राहिला.' आठ दिवसांनी दगड काढून बाहेर ओढला की निम्म्या सांधा मिस्त्रीचा हात न लागताच बंद झालेल्या असतात. मिस्त्रीला ही रीत फारशी आवडत नाही, त्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुरुवातीला माझ्याकडं आले ते पत्र्याचे आणि फायबरचे डोंगे. आंबागडकडचा एक शिंगाडेवाला होता. तळ्यातले शिंगाडे काढायला त्याच्याकडं पत्र्याचा लहानसा डोंगा होता. मी फोम मारताना त्यानं नीट पाहून घेतलं आणि पुढच्या वेळी स्वतःच डबा आणून बसायच्या फळीखाली अख्खा रिकामा केला. फोम फुगून फळी वर उचलायला लागला, तेव्हा ती दाबून धरायला हा गडी तिच्यावर बसला. कडेनं वर आलेला फोम चांगला चिकटेपर्यंत बसून राहिला. माझ्याकडं आला तेव्हा कमरेला गमछा होता. "पँट डोंग्यातच हाये जी," तो म्हणाला, "तेवढी सोडवून द्या." पँट सुटली, पण पुन्हा घालण्यासारखी राहिली नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक बदक. तालुक्याच्या गावी एका बगीच्यातल्या तळ्यात पायडल मारायची फायबरची बदकं आहेत. त्यांतलं एक सारखं डावीकडं कलायचं आणि त्यात बसलेलं नवीन जोडपंही डावीकडं कलायचं. बगीचेवाल्यानं मला बोलावलं. पोटाची सांध उकलली होती आणि आत दोन बादल्या पाणी अन् एक बेडूक होता. बेडूक काढला, पाणी काढलं, पोट दोन दिवस सुकवलं, आत फोम मारला, बाहेरून सीलंट ओढलं. ते बदक आजही ताठ मानेनं तरंगतं आहे. त्या बदकानं माझं डोकं फिरवलं. फायबर फुगत नाही आणि लाकूड फुगतं, ही साधी गोष्ट, सुताराच्या पोटी जन्मून, मी सोयीस्करपणे विसरलो.

आता शेवंतामावशीकडं येतो. आमच्या जुन्या गावातली बाई, साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी पण वल्हं हातात घेतलं की दोन गड्यांना ऐकायची नाही. नवरा गेल्यापासून ती एकटीच मासेमारी करते. तिच्या डोंग्याला सगळी वस्ती 'दारवाला डोंगा' म्हणते. गाव सोडताना प्रत्येकानं आपापली दारं, चौकटी, पाट्या काढून ट्रॅक्टरवर घातल्या होत्या. मावशीच्या घराचं पुढचं दार अस्सल सागवानाचं, माझ्या वडिलांनी केलेलं. नव्या घराला लोखंडी दार होतंच, म्हणून मावशीचा नवरा आणि माझे वडील दोघांनी मिळून त्या दाराच्या फळ्यांचा डोंगा केला. एका फळीला अजून कडीचं भोक आहे, त्यात लाकडाची खुंटी मारलेली आहे. मावशी डोंग्यात चढताना त्या खुंटीला एकदा हात लावते, आपण देवळात उंबऱ्याला लावतो तसा.

त्या वर्षी ती होळी झाल्यावर दिघोरीला लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि धानाची रोवणी आटोपेपर्यंत तिकडंच राहिली. डोंगा उन्हाळाभर पत्र्याच्या छपराखाली तापत पडला. ती श्रावणात परत आली तेव्हा पावसाळी हवेनं फळ्या थोड्या सावरल्या होत्या, तरी काही सांधांतून पेन्सिल आरपार जात होती. मावशीनं मला बोलावलं.

"होळीपासून सुकून राहिला बिचारा," ती म्हणाली. "आठ रोज बोडीत बुडवून ठेवतो म्हणतो. मंग जे उरन ते तू भरजो."

"आठ रोज कायले, मावशी? दिवस बुडाच्या आत भरून देतो. आता फोम आला."

"म्हंजे काय होते?"

"फेस असते. सांधेत मारला का फुगते अन् घट्ट होते."

मावशीनं डोंग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "लाकूडबी फुगते," ती म्हणाली. "दोघंबी फुगले त जातीन कुठं?"

हा प्रश्न एखाद्या इंजिनिअरनं विचारला असता तर मी विचारात पडलो असतो. मावशीनं विचारला म्हणून मी हसलो. खिशातून मोबाइल काढून तिला एक व्हिडिओसुद्धा दाखवला. त्यात एक गोरा माणूस आपल्या होडीच्या सांधेत फोम मारत होता आणि पाठीमागं बाजा वाजत होता. ती होडी फायबरची होती, हे मावशीला कळायचं कारण नव्हतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. खरं कारण सांगू का? पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. घरोघरची लेकरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात आणि ते नंदी मी करतो. माझ्या अंगणात अख्खा कळप चाकांची वाट पाहत उभा होता. मला मावशीचा डोंगा एका दिवसात उरकायचा होता. म्हातारी माणसं जुनंच धरून बसतात, असं मनाशी म्हणत मी सगळ्या सांधांत फोम मारला, वर आलेला सुरीनं कापला आणि वरून सीलंटचा जाड थर दिला. डोंगा नवा दिसायला लागला.

मावशीसाठी ते दिवस साधे नव्हते. आमच्या मच्छीमार सोसायटीत हंगामाच्या आधी डोंग्यांची पाहणी होते. डोंगा पाण्यात, आत दोन माणसं, तळाला कोरडं वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि तास मोजायचा. कागद भिजला तर त्या डोंग्याचं नाव यादीतून जातं. त्या साली तर पाहणीच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की यंदा जो लाकडी डोंगा गळेल त्याचं नाव पुन्हा कधी चढणार नाही, मालकानं फायबरचा आणावा. मावशी मला म्हणाली होती, "फायबरचा आनता येईन गा. पन तो माह्या घरचा नोहे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी डोंगा पाण्यात उतरला. दोन दिवस थेंब आत आला नाही. मावशीनं जाणाऱ्या-येणाऱ्याजवळ माझी तारीफ केली आणि मी नंदीला चाकं लावता लावता ती कानांनी वेचत होतो. तान्हा पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानात आली आणि माझ्यापुढच्या पाटावर मूठ उघडली. मुठीत सीलंटचे पांढरे लांब लांब दोरे होते.

"मिस्त्री, तुह्या डोंग्यानं शेवई पाडली," ती म्हणाली. "चाल, पाय."

एरवी ती मला नावानं हाक मारते. मिस्त्री म्हटलं तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं.

काठावर जाऊन पाहिलं तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर समोर पडलं होतं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या. सांधेत फोम ठासलेला, त्यांना मिटायला जागाच नव्हती. त्यांनी आधी सीलंट बाहेर ढकललं. मग फोम चेपला, आणि चेपलेला फोम स्पंजासारखा पाणी धरून बसला. एका फळीला तर कुठंच जाता येईना, म्हणून ती खिळ्यांतून उपसून वर आली होती. ती कडीच्या भोकाची फळी होती. डोंग्यात घोटाभर पाणी होतं आणि खुंटी त्या पाण्याखाली दिसत होती.

मला लाज वाटली, आणि ती नुसती काम बिघडल्याची नव्हती. हे दार माझ्या वडिलांच्या हातचं होतं. त्यांनी त्याचा डोंगा केला, इतकी वर्षं तो चालला, आणि मी एका दुपारी त्याची वाट लावली.

"मावशी, माही चूक झाली," मी म्हणालो.

"ते त मलेबी दिसून राहिलं," ती म्हणाली. "पाहनीले पाच रोज हायेत. आता काय करशीन?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पदराला हात पुसले आणि डोंगा ओढायला पुढं झाली.

पहिले दोन दिवस खरवडण्यात गेले. फोम फटीत घालायला एक क्षण लागतो आणि काढायला जन्म जातो. लाकडाच्या रेषारेषांत तो शिरलेला असतो. पटाशी चालवली, सुरी चालवली, घरातलं जुनं उलथनं नेलं. ते उलथनं तसं पुन्हा चुलीजवळ आलं नाही. "खिडक्याच बऱ्या होत्या," एवढंच माझी बायको म्हणाली. डोंगा पुन्हा सुकू नये म्हणून मावशी त्याच्यावर ओली पोती टाकून ठेवायची आणि दर थोड्या वेळानं त्यांवर पाणी शिंपडायची. मी खरवडत होतो आणि मला मी असाच फोम मारलेले आणखी चार लाकडी डोंगे आठवत होते. मावशीचं काम झाल्यावर मी त्या चौघांच्या दारी गेलो आणि माझी चूक सांगितली. दोघांनी शिव्या घातल्या, एकानं चहा पाजला, एकानं दोन्ही केलं. चारही डोंगे आधी बोडीत बुडवायला लावले, मग भरून दिले, आणि दुकानावरची ती पाटी लागली ती तेव्हाच. पण ते नंतरचं.

सांधा मोकळ्या झाल्या. उपसलेली फळी नव्या स्क्रूंनी जागेवर बसवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगा बोडीत नेऊन दगड घालून बुडवला. आठ दिवस हवे होते, हाती दोन होते. मी नुकताच घरी येऊन टेकलो होतो, तेवढ्यात गुरुजींचा फोन. हे गुरुजी आमच्या शाळेवर नवीन आलेले, सातारा बाजूचे, फार सज्जन आणि फार उत्साही.

"मिस्त्री, काळजी करू नका!" गुरुजी धापा टाकत म्हणाले. "बुडाला होता, पण आम्ही वाचवला!"

मी धावत गेलो. बोडीच्या पाळीवर डोंगा उन्हात उताणा पडलेला, बाजूला दगडांचा नीट रचलेला ढीग, आणि भोवती चिखलानं माखलेले सात-आठ लोक. ते लोक गुरुजी राहतात त्या गल्लीतले, दुकानं चालवणारे, त्यांनाही ही रीत ठाऊक नव्हती. गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि चेहरा समाधानानं उजळलेला होता. मावशी माझ्या आधीच पोचली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती.

"गुर्जी," ती म्हणाली, "हे दगडं डोंग्यात काय माश्यायनं टाकले का?"

गुरुजींनी दगडांकडं पाहिलं. मग डोंग्याकडं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. सगळी हकिकत कळल्यावर तो सज्जन माणूस तसाच पुन्हा पाण्यात शिरला आणि दगड रचून होईपर्यंत डोंगा दाबून धरायला स्वतः त्याच्यावर बसला. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले गुरुजी काठावरून पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "डोंगा पाणी पितोय. लाकूड फुगतं, म्हणून." शिकलेली गोष्ट लगेच शिकवायची, ही मास्तरांची खोड चांगलीच म्हणायची.

पाहणीच्या आदल्या सकाळी डोंगा बाहेर काढला. बहुतेक सांधा मिटल्या होत्या. तीन राहिल्या होत्या, त्यांत कडीच्या फळीजवळची सगळ्यांत मोठी. आणि अडचण ही, की ओल्या लाकडाला सीलंट चिकटत नाही. सुकवावं तर फळ्या पुन्हा उघडणार. मी डोक्याला हात लावून डोंग्यात बसलो. बसल्या बसल्या नागपूरच्या खिडक्या डोळ्यांपुढं आल्या. सरकत्या खिडकीत काच आणि चौकट कुठं चिकटवलेली असते? तिथं रबराची पट्टी असते, ती दाबून बसते. पाणी अडतं ते त्या दाबामुळं.

मग काम सुचलं. माझ्याकडं फोमची दोरी होती, करंगळीएवढी जाड, मऊ, आणि डब्यातल्या फोमसारखी पाणी पिणारी नव्हे. ती सांधेवर आतून ठेवली. वरून नंद्यांच्या कामातून उरलेल्या सागाच्या पट्ट्या घेतल्या, त्यांना खालून सीलंटचा हात दिला, आणि दोरी चेपेल इतपत स्क्रूनं आवळल्या. स्क्रू मात्र एकाच फळीत मारले, शेजारच्या फळीत एकही नाही. मावशी पोत्यावर बसून सगळं पाहत होती.

"एकाच बाजूनं काहून?" तिनं विचारलं.

"ही दुसरी फळी अजून फुगन. तिले सरकाले जागा पायजे."

मावशीनं मान डोलावली. "आता समजलं तुले," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला चहा विचारला.

पाहणीला अर्धी वस्ती काठावर होती. साहेब चष्म्याचे, मवाळ, पण नियमाला पक्के. मावशीच्या डोंग्याच्या तळाला त्यांनी स्वतः वर्तमानपत्र अंथरलं. मावशी वल्हं घेऊन एका टोकाला बसली.

"दुसरं माणूस कोण?" साहेबांनी विचारलं.

"मिस्त्री," मावशी म्हणाली.

मी म्हणालो, गुडघा दुखतो. म्हणालो, दुकान उघडं आहे. म्हणालो, गुरुजींना हौस आहे. साहेब घड्याळ पाहत होते आणि मावशी माझ्याकडं. शेवटी मी तिच्याजवळ वाकून हळूच सांगितलं, पण पाण्यावरून आवाज दूर जातो हे माझ्यासारख्या काठावरच्या माणसाला कसं ठाऊक असणार?

"मावशी, मले पोहता येत नाई."

काठावर जो हशा उठला तो पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. मावशी एकटी हसली नाही.

"मंग त तूच बस," ती म्हणाली. "ज्याले पोहता येते त्याले डोंगा गळला त काय फरक पडते?"

मी बसलो. डोंगा काठापासून सुटला आणि माझे दोन्ही हात आपोआप कडेला चिकटले, शिंगाडेवाल्याच्या पँटसारखे. साहेब शेजारच्या होडीत होते. मावशी मधूनमधून वल्हं मारत होती, ऊन चढत होतं, आणि मी त्या तीन पट्ट्यांवरून नजर काढत नव्हतो. मी आयुष्यात शेकडो सांधा भरल्या असतील, पण माझ्या कामावर माझाच जीव ठेवून मी कधी बसलो नव्हतो. एक एक स्क्रू आठवून पाहिला. कुठला अर्धा फेरा कमी आवळला होता का? देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून स्क्रूचा नंबर निघाला.

तास भरला. साहेबांनी वाकून कागद पाहिला आणि त्यांचं बोट थांबलं. मी बसलो होतो तिथंच, माझ्या पायांपाशी, कागदावर हाताएवढा ओला डाग होता.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावशीनं वल्हं आडवं ठेवलं, पुढं सरकली आणि कागदाचा कोपरा धरून उचलला. खालची फळी कोरडी होती. वर्तमानपत्राची खालची पानंही कोरडी होती, ओल फक्त वरून होती. तिनं साहेबांना दोन्ही बाजू दाखवल्या आणि मग माझ्या कपाळाकडं बोट केलं. माझ्या हनुवटीवरून घामाचा आणखी एक थेंब त्याच वेळी खाली पडला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, त्यांना हसू आवरत नव्हतं. मग कागद घडी करून खिशात टाकला आणि यादीत मावशीच्या नावापुढं खूण केली.

साहेबांची होडी काठाकडं वळली. आमचा डोंगा वळला नाही. मावशी खोल पाण्याकडं वल्हं मारत निघाली.

"मावशी, काठ तिकडं हाये," मी म्हणालो.

"ठाव हाये मले. चूप बस."

तिनं दूरची टेकडी पाहिली, पाण्याबाहेर डोकावणारा एक वाळका शेंडा पाहिला, थोडं डावीकडं घेतलं आणि थांबली. पाणी तिथंही इतर ठिकाणासारखंच दिसत होतं. मावशीनं वाकून कडीच्या खुंटीवर तळहात ठेवला.

"इथं माहं घर होतं," ती म्हणाली. "हंगाम लागला का पयल्या रोजी मी दार घेऊन येतो घरावर. यंदा वाटलं, नाई जमत."

ती दर साली इथं येते हे वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी ते दार एका दुपारच्या घाईत फोडणार होतो. त्या डोंग्याला ती का बुडवून, जपून, पाणी पाजून ठेवत होती, ते मला तिथं कळलं. मी कडेवरचे हात सोडले आणि पहिल्यांदा खाली पाण्यात पाहिलं.

पाण्यात हिरवं धुकं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. पण मला आमची गल्ली पाठ होती. मावशीच्या घरापासून पिंपळापर्यंत चालत जायचं आणि पिंपळाच्या उजव्या हाताला वडिलांचं दुकान. मी मनातल्या मनात अंतर मोजलं.

"मावशी," मी म्हणालो, "थोडं पिंपळाच्या अंगानं घेता का?"

तिनं वल्हं आधीच तिकडं वळवलं होतं.